डबा बोलेनासा झाला तर : घरच्या नेटवर्क स्टोरेजवर लिनक्स

लॅबमध्ये लिनक्स शिकताना आपल्यासमोर स्क्रीन असते, कीबोर्ड असतो. काही बिघडलं की स्क्रीनवर मेसेज येतो, तो वाचून आपण पुढचं पाऊल उचलतो. पण ज्या यंत्राला स्क्रीनच नाही, कीबोर्ड लावायला जागा नाही, आहे ती फक्त नेटवर्कची एक वायर आणि एक मिणमिणता दिवा, त्याच्यावर टाकलेलं लिनक्स उठेनासं झालं तर काय करायचं? हा धडा आपल्या सिलॅबसमध्ये नाही. मला तो राळेगावला, घरीच शिकायला मिळाला. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी किंवा ओळखीच्या दुकानात असा डबा असेल, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी डबा म्हणजे काय ते पाहू. नेटवर्क स्टोरेज म्हणजे हार्डडिस्क आणि तिच्याभोवती एक छोटासा संपूर्ण कॉम्प्युटर. प्रोसेसर असतो, रॅम असते, थोडी फ्लॅश मेमरी असते. आणि गंमत म्हणजे बहुतेक डब्यांत कंपनीने लिनक्सच टाकलेलं असतं, फक्त ते झाकलेलं असतं. २००४ साली लिंक्सिसचा एनएसएलयू-२ नावाचा एक डबा आला होता. २६६ मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर, ३२ एमबी रॅम, ८ एमबी फ्लॅश. हौशी लोक त्याला लाडाने 'स्लग' म्हणत. आतलं लिनक्स काढून लोकांनी त्यावर स्वतःचं लिनक्स चढवलं, पुढे डेबियनसुद्धा चालवलं. ३२ एमबी रॅममध्ये पूर्ण डेबियन! आज आपल्या मोबाईलमधला एक फोटो कधी कधी ८ एमबीचा असतो, म्हणजे स्लगची अख्खी फ्लॅश एका फोटोत भरली असती.

आमच्या घरचा डबा त्याच्या पुढच्या पिढीतला. मार्व्हेलचा किर्कवूड प्रोसेसर, वेग १.२ गिगाहर्ट्झ, रॅम २५६ एमबी. माझ्या काकांचा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाचे फोटो त्यात साठवायचे. डबा ठणठणीत होता, पण कंपनीने त्याचं सॉफ्टवेअर अपडेट करणं कधीच बंद केलं होतं. जुनं सॉफ्टवेअर फाइल देण्याघेण्यासाठी फक्त एसएमबी-१ ही जुनी भाषा बोलायचं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरस याच एसएमबी-१ मधल्या भोकातून जगभर पसरला, आणि त्याच वर्षीच्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी-१ येणंच बंद झालं. त्यामुळे काकांनी नवा लॅपटॉप घेतला तेव्हा त्याला डबा दिसेचना. विंडोजमध्ये जुनी भाषा परत सुरू करता येते, पण ते म्हणजे चोर शिरला होता तेच दार पुन्हा उघडणं. शिवाय अपडेट बंद झालेल्या डब्याचं काय होऊ शकतं याचं उदाहरण जून २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. वेस्टर्न डिजिटलचे माय बुक लाइव्ह नावाचे डबे, ज्यांना २०१५ नंतर अपडेट नव्हतं, ते इंटरनेटवरून कोणीतरी फॅक्टरी रीसेट केले आणि लोकांचा वर्षानुवर्षांचा डेटा एका दिवसात पुसला गेला.

म्हणून दिवाळीच्या सुटीत मी डब्यावर डेबियन १२ टाकलं. जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली, नवी २ टीबीची लावली. इन्स्टॉलेशनचं फार वर्णन करत नाही. स्क्रीन नसलेल्या यंत्रासाठी डेबियनचा इन्स्टॉलर नेटवर्कवरून एसएसएचने चालतो, दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसून उत्तरं द्यायची. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. डब्यातला यू-बूट (आपल्या पीसीच्या बायोस आणि ग्रबचं काम करणारा प्रोग्रॅम) जुना असतो. त्याला नव्या पद्धतीचे फॉरमॅट वाचता येत नाहीत, म्हणून बूटचं पार्टिशन वेगळं आणि साध्या ईएक्सटी-२ मध्ये ठेवायचं. दुसरं, पार्टिशन टेबलही जुन्या एमबीआर पद्धतीचं. त्याची मर्यादा २ चा ३२ वा घात गुणिले ५१२ बाइट, म्हणजे सुमारे २.२ टीबी, तेव्हा २ टीबीची डिस्क आत बसते, ४ टीबीची बसत नाही.

सगळं चाललं. सांबा सुरू झालं, लॅपटॉपला फोल्डर दिसलं, पाच-सहा वेळा रीबूट करून पाहिलं, प्रत्येक वेळी डबा मुकाट उठला. पुढचे कित्येक महिने कोणाला त्याची आठवणही आली नाही.

मग मे महिना आला. लग्नसराई, आणि आमच्याकडे या दिवसांत संध्याकाळी वादळ सुटलं की लाईन जाणारच. एरवी स्टुडिओत इन्व्हर्टर असतो, पण त्या दिवशी बॅटरी बदलायला नेलेली. लाईन आली, डब्याचा दिवा लागला, आणि फोल्डर गायब. काकांचा फोन आला, "बाबू, दिवा तं लागून राहिला, पण फोटो काही दिसून नाही राहिले. काय झालं पाह्य न." डब्यात तीन लग्नांचे फोटो होते, कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी फॉरमॅट झालेली. एका वरपित्याने तर अल्बमचे पैसे आगाऊ दिलेले. लग्न काही पुन्हा लावता येत नाही!

मी राळेगावला पोचलो तेव्हा काकांनी डबा चार-पाच वेळा बंद-चालू केला होता. अशा वेळी पहिलं काम म्हणजे डब्याचा प्लग काढून ठेवणं. डिस्क मरत असेल तर प्रत्येक वेळी चालू केल्याने ती आणखी मरते. मग डिस्क बाहेर काढून माझ्या लॅपटॉपला यूएसबी अडॅप्टरने जोडली, पण माउंट केली नाही. साधं माउंट केलं की ईएक्सटी-४ आपलं जर्नल लगेच डिस्कवर लिहायला घेतं, आणि आपल्याला अजून एकही बाइट बदलायचा नव्हता. आधी स्मार्ट रिपोर्ट पाहिला : खराब सेक्टर शून्य. मग ईटूएफएसके हा तपासणीचा प्रोग्रॅम 'फक्त वाच, लिहू नको' या पर्यायाने चालवला. पावणेदोन टीबीचं डेटा पार्टिशन, तरी वेळ बेताचाच लागला. जर्नल पूर्ण व्हायचं बाकी आहे एवढं सांगितलं, बाकी मोठी तक्रार नाही. तरीसुद्धा फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले. पार्टिशन जर्नल न चालवता, फक्त वाचण्यापुरतं माउंट करण्याचा पर्याय लिनक्समध्ये आहे, तो अशाच वेळेसाठी. काकांचा जीव इथे भांड्यात पडला. माझा नाही पडला, कारण डिस्क चांगली असेल तर डबा का उठत नाही हे कोडं आणखी अवघड झालं.

आता उलट्या दिशेने विचार करू. राउटरच्या यादीत डबा नाही, पिंगला उत्तर नाही, पण वायरच्या खोबणीतला हिरवा दिवा लागलेला. तो दिवा फक्त एवढं सांगतो की नेटवर्क चिपला वीज मिळते आहे. यू-बूट अडकला, की कर्नल अडकला, की त्याच्याही पुढे काही, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. अंदाज बांधून पुन्हा इन्स्टॉल करणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. दोष न शोधता नवं इन्स्टॉलेशन केलं की तोच दोष पुढच्या वादळात परत येणार.

यावर उपाय म्हणजे सिरीयल कन्सोल. जवळजवळ प्रत्येक डब्याच्या बोर्डवर चार पिना असतात : व्होल्टेज, ग्राउंड, पाठवायची आणि घ्यायची. कर्नल सुरू होताना जे काही बोलतो ते सगळं या पिनांवर ऐकू येतं. ईएनटीसीच्या मित्रांनी इथे कान द्यावा. जुन्या पीसीच्या सिरीयल पोर्टवर अधिक-उणे १२ व्होल्टच्या आसपास सिग्नल असतो, आणि डब्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या. सरळ जोडलं की चिप गेलीच. आपल्या लॅबमधला मॅक्स-२३२ सुद्धा ५ व्होल्टसाठीचा आहे, चालणार नाही. ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर हवा, तो मी नागपूरला सीताबर्डीवरून आणला. मल्टीमीटरने ग्राउंड शोधायचं, व्होल्टेजची पिन मोकळी सोडायची, आणि पाठवायची-घ्यायची वायर उलटसुलट जोडायची. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला, असं लक्षात ठेवा. वेग ११५२००. स्क्रीनवर अगम्य चिन्हं आली तर वेग चुकला, काहीच आलं नाही तर वायर.

डबा बोलू लागला. यू-बूट उठला, त्याने कर्नल वाचला, कर्नलने डिस्क ओळखली, मूळ पार्टिशन तपासून जोडलं. म्हणजे ज्यांच्यावर संशय होता ते तिघेही निर्दोष. मग सिस्टमडीची एक ओळ सरकून गेली : सिस्टमची वेळ बिल्डच्या वेळेच्या आधीची आहे, घड्याळ पुढे करतो. त्यानंतर डेटा पार्टिशनची तपासणी, आणि तिथे थांबा. सुपरब्लॉकमधली शेवटच्या माउंटची वेळ भविष्यातली आहे, तपासणी हाताने चालवा. शेवटी इमर्जन्सी मोड, रूटचा पासवर्ड द्या. डबा रात्रभर पासवर्ड मागत बसला होता, आणि ते ऐकायला कोणी नव्हतं.

आता या ओळी जुळवून पाहा. आपल्या पीसीच्या मदरबोर्डवर घड्याळासाठी बटणासारखा सेल असतो. या डब्याच्या बोर्डवर तो नाहीच. वीज पूर्ण गेली की डब्याचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, बहुतेकदा १ जानेवारी १९७० ला, कारण युनिक्सची वेळमोजणी तिथूनच सुरू होते. वेळ इतकी जुनी असेल तर ईटूएफएसके समजून जातो की घड्याळच बिघडलंय आणि वेळेकडे दुर्लक्ष करतो. म्हणून मूळ पार्टिशन पास झालं. पण मग सिस्टमडी घड्याळ पुढे ढकलतो, ते स्वतःचं पॅकेज ज्या दिवशी तयार झालं त्या तारखेपर्यंत. ही तारीख खोटी असली तरी खरी वाटण्याइतकी अलीकडची. आता डेटा पार्टिशनवर लिहिलंय 'शेवटचं माउंट यंदाचं' आणि घड्याळ म्हणतंय जुनं साल. फरक एका दिवसाच्या आत असता तर प्रोग्रॅमने स्वतःच दुरुस्त केलं असतं. त्याहून जास्त असला की तो माणसाला विचारतो. इंटरनेटवरून खरी वेळ आणणारी सेवा सुरू होते ती या सगळ्यानंतर, तिची पाळी आलीच नाही.

आणि रीबूट करून हा दोष कधीच दिसला नसता. रीबूटमध्ये वीज जात नाही, घड्याळ चालूच राहतं. इन्व्हर्टर होता तोवर डब्याने वीज जाणं पाहिलंच नव्हतं.

दुरुस्ती दहा मिनिटांची. ईटूएफएसकेच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'सिस्टमचं घड्याळ बिघडलेलं आहे' असं सांगायचा पर्याय आहे, तो चालू केला. 'फेक एचडब्ल्यूक्लॉक' नावाचं पॅकेज टाकलं, ते दर तासाला वेळ डिस्कवर लिहून ठेवतं आणि उठताना तिथून पुढे मोजतं. एफएसटॅब फाइलमध्ये डेटा पार्टिशनला 'नोफेल' लिहिलं, म्हणजे ते जोडलं गेलं नाही तरी बाकी डबा उठेल आणि निदान एसएसएचने आत शिरता येईल.

या नोफेलमध्ये एक गोम आहे. पार्टिशन जोडलं गेलं नाही तरी रिकामं फोल्डर तिथेच असतं, आणि सांबा ते खुशाल वाटत राहतो. काकांना फोल्डर रिकामं दिसणार, ते त्यात नवे फोटो टाकणार, आणि ते जाणार छोट्याशा मूळ पार्टिशनवर. म्हणून पार्टिशन सुटं असताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटरने 'बदलता न येणारं' करून ठेवायचं. पार्टिशन जोडलेलं असेल तर काही फरक पडत नाही, सुटलं असेल तर कॉपी करताना लगेच एरर येते.

त्यानंतर सरळ प्लग ओढून परीक्षा घेतली. तीनदा ओढला, एकदा रात्रभर बंद ठेवला. चारही वेळा डबा उठला. काका म्हणाले, "आता झालं न? मंग त्या दुसऱ्या डिस्कवरचे फोटो पुसून टाकू का?" नाही म्हटलं, ती डिस्क आता दर रविवारी डब्याला लावायची आणि नवे फोटो तिच्यावर उतरवायचे.

ज्यांच्याकडे असाच किर्कवूडचा डबा आहे त्यांना एक सूचना. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये या जुन्या एआरएम प्रोसेसरांसाठी इन्स्टॉलर नाही, आणि कर्नलही फक्त पहिल्या रास्पबेरी पाय आणि पाय झिरोपुरता उरला आहे. तेव्हा अपग्रेडचा प्रश्न आला तर 'हो' म्हणू नका. आमचा डबा १२ वरच ठेवलाय, राउटरमध्ये त्याचं इंटरनेट बंद करून. वेळ विचारायला फक्त राउटरपर्यंत जातो.