चाकांची खुर्ची जिना कशी चढते?

वाचनालय, न्यायालय, नाट्यगृह अशा इमारतींच्या दाराशी बहुधा आठ-दहा पायऱ्या असतात. तुम्ही त्या धावत चढता. चाकांच्या खुर्चीत बसलेला माणूस मात्र पहिल्याच पायरीशी अडतो, कारण चाक उतार चढते, उभी कड चढत नाही. मग चार जण खुर्ची उचलतात. यात तोल जाण्याचे भय असते. शिवाय आत केव्हा जायचे हे त्या माणसाच्या हाती राहत नाही.

यावर साधा उपाय म्हणजे उतरण. समजा, प्रत्येकी 15 सें.मी. उंचीच्या 10 पायऱ्या आहेत. एकूण उंची 1.5 मीटर झाली. माणूस व खुर्ची मिळून वस्तुमान 100 किलोग्रॅम धरू. सरळ वर उचलण्यास 980 न्यूटन बल लागेल. उतरणीसाठी साधारणपणे 1:12 हे प्रमाण धरतात. म्हणजे तिची लांबी 18 मीटर होईल. घर्षण सोडले, तर आता सुमारे 81 न्यूटन बल पुरते. कार्य मात्र दोन्ही वेळा तेच, 1470 जूल! बल वाचले, अंतर वाढले.

पण जुन्या इमारतीपुढे 18 मीटर जागा नसेल तर? अशा ठिकाणी जिन्याच्या कडेने रूळ बसवतात. त्यावरून एक सपाट फळी विजेच्या मोटरने सरकत जाते. खुर्ची फळीवर घेतली, की कडेच्या झडपा व आडवे दांडे तिला घसरू देत नाहीत. काम नसताना फळी भिंतीलगत दुमडून ठेवता येते.

या यंत्राला शक्ती किती लागते? फळी धरून वस्तुमान 200 किलोग्रॅम मानू. पायरीची रुंदी 30 सें.मी. असेल, तर रुळावरचे अंतर सुमारे 3.35 मीटर भरते. सेकंदाला 10 सें.मी. वेगाने ते कापण्यास 33.5 सेकंद लागतात. कार्य 2940 जूल. म्हणून शक्ती सुमारे 88 वॅट. घर्षणामुळे प्रत्यक्षात मोटर याहून मोठी घ्यावी लागते.

आता सांगा, मध्येच वीज गेली तर फळी खाली घसरेल काय? नाही. येथील ब्रेक उलट्या रीतीचा असतो. स्प्रिंग त्याला सतत आवळून धरते आणि वीज त्याला सैल करते. वीज गेली, की ब्रेक आपोआप लागतो. बटणावरचे बोट उचलले, तरीही फळी जागीच थांबते.

हे बटण बसणाऱ्याच्या हाताशी असते, हीच या यंत्राची खरी कमाई. मात्र यंत्राची किल्ली सापडत नसेल, तर सारे गणित फुकट! आपल्या देशात 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा ठेवणे बंधनकारक केले आहे.

आता पट्टी घेऊन आपल्या शाळेच्या पायऱ्या मोजा. उतरण किती लांब लागेल? तेवढी जागा आहे का? उत्तर काढून शिक्षकांना दाखवा.