वाफेच्या गाडीचा वारसा : फोर्ट विल्यम ते मॅलेग

डोंगर, सरोवरे आणि सागरकिनारा यांचे एकाच प्रवासात दर्शन घडविणारा मार्ग म्हणून स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यम ते मॅलेग हा ४१ मैलांचा, म्हणजे सुमारे ६६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग प्रसिद्ध आहे. उन्हाळी हंगामात या मार्गावर चालविल्या जाणाऱ्या ‘जॅकोबाइट’ या वाफेच्या गाडीसाठी देशोदेशींचे प्रवासी येतात. तथापि हा मार्ग पर्यटकांसाठी बांधलेला नाही. तो एका दरिद्री किनारपट्टीच्या गरजेतून आणि शासनाच्या हमीवर उभा राहिला. म्हणूनच त्याची हकीकत विकासकार्यात सहभागी असणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्याजोगी आहे.

मार्गाची गरज

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात जमिनीच्या लहानशा तुकड्यांवर खंडाने शेती करणारी कुळे मोठ्या संख्येने होती. जमीन नापीक आणि पाऊस अतोनात. मॅलेग हे गाव वसले तेच मुळी १८४० च्या दशकात. तेथील जमीनदाराने आपल्या एका शेतजमिनीचे १७ भाग पाडून कुळांना दिले व त्यांना मासेमारीकडे वळविले. समुद्रात हेरिंग मासळी विपुल होती. पण ती दूरच्या शहरांत ताजी पोचविण्याचे साधन नव्हते. या भागातील कुळांच्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी १८८३ मध्ये नेपियर आयोग नेमण्यात आला. पुढे १८९४ मध्ये ग्लासगोकडील रेल्वे फोर्ट विल्यमपर्यंत आली. परंतु खुल्या समुद्राचा किनारा अद्याप दूरच होता.

विरळ वस्तीच्या प्रदेशात रेल्वे नफ्यात चालणे कठीण होते. अखेर १८९६ च्या कायद्यान्वये शासनाने २,६०,००० पौंडांच्या भांडवलावर ३ टक्के लाभांशाची हमी दिली आणि मॅलेग येथील धक्क्यासाठी ३०,००० पौंडांचे अनुदान मंजूर केले. खाजगी कंपनीला सार्वजनिक तिजोरीतून असा आधार द्यावा काय, यावर पार्लमेंटमध्ये बराच वाद झाला. हमीच्या बाजूने कौल मिळाला नसता, तर आजचा हा वारसा निर्माणच झाला नसता.

बांधकामातील प्रयोग

१८९७ च्या आरंभी काम सुरू झाले. येथील खडक इतका कठीण होता की, त्याचे घडीव चिरे काढणे परवडणारे नव्हते. कंत्राटदार रॉबर्ट मॅकआल्पाइन यांनी तोच खडक फोडून त्याची खडी काँक्रीटमध्ये वापरली. या कामामुळे त्यांना ‘काँक्रीट बॉब’ असे टोपणनावच पडले. ग्लेनफिननचा पूल हे या कामाचे सर्वांत ठळक उदाहरण होय. सुमारे ३८० मीटर लांब आणि ३० मीटर उंच अशा या वक्राकार पुलाला २१ कमानी आहेत, आणि त्यांच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळया नाहीत. १ एप्रिल १९०१ रोजी मार्ग वाहतुकीस खुला झाला.

प्रवास

फोर्ट विल्यम हे १,३४५ मीटर उंचीच्या बेन नेव्हिस या ब्रिटनमधील सर्वोच्च पर्वताच्या पायथ्याशी आहे. गाडी सुटल्यावर बॅनव्ही येथे कॅलेडोनियन कालव्यावरील आठ जलपाशांची पायऱ्यांसारखी मालिका दिसते. पुढे ग्लेनफिननच्या पुलावर गाडी वळण घेते, तेव्हा डाव्या हाताच्या खिडकीतून पुढचे इंजिन आणि खाली शील सरोवर दोन्ही दिसतात. याच सरोवराच्या काठी १७४५ मध्ये राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्ट्यूअर्ट याने बंडाचे निशाण उभारले. त्याचे अनुयायी ‘जॅकोबाइट’ म्हणून ओळखले जात; गाडीचे नाव त्यावरूनच पडले. आरिसेगनंतर समुद्र दृष्टीस पडतो, मोरारची पांढरी वाळू मागे पडते आणि सुमारे दोन तासांनी मॅलेगचे बंदर येते.

या मार्गावर काही ठिकाणी ४८ फुटांस १ फूट इतका चढ आहे. तीव्र वळणे, ओले रूळ आणि हा चढ यांमुळे इंजिनचालकाचे व कोळसा टाकणाऱ्या फायरमनचे कसब पणास लागते. गाडीस बहुधा जोडले जाणारे ‘ब्लॅक फाइव्ह’ जातीचे इंजिन १९३४ ते १९५१ या काळात बांधलेल्या ८४२ इंजिनांपैकी असते. मॅलेगला इंजिन फिरविण्याची सोय नसल्याने परतीच्या वाटेवर ते उलट्या तोंडाने गाडी ओढते.

वाफेचे पुनरागमन

१९६० च्या दशकात येथे डिझेल इंजिने आली आणि १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून वाफेची नियमित वाहतूक संपली. मात्र १९८४ मध्ये पर्यटकांसाठी वाफेची गाडी या मार्गावर पुन्हा आणण्यात आली. १९९५ पासून ती एका खाजगी कंपनीमार्फत चालविली जाते. २००२ मध्ये प्रदर्शित झालेल्या हॅरी पॉटर चित्रपटात ग्लेनफिननचा पूल दिसला आणि गर्दी वाढली. त्यासोबत अरुंद रस्त्यांवर मोटारींची दाटी आणि रुळांवर उतरणारे छायाचित्रकार हे प्रश्नही आले.

सर्वांत गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा होता. जुन्या डब्यांची दारे हाताने उघडणारी असून त्यांना मध्यवर्ती कुलूपव्यवस्था नव्हती. रेल्वे नियामकाने ती बसविण्याचा आग्रह धरला. कंपनी सवलतीसाठी न्यायालयात गेली. डिसेंबर २०२३ मध्ये निकाल कंपनीच्या विरुद्ध गेला आणि २०२४ च्या हंगामारंभी गाडी काही काळ बंद राहिली. जुन्या वस्तूंचे मूळ रूप राखण्याची इच्छा योग्यच आहे. परंतु त्यात बसणारा प्रवासी हा आजचा नागरिक असतो आणि त्याला आजच्या काळातील संरक्षण मिळावयास हवे.

आपल्यासाठी बोध

आपल्याकडील नेरळ-माथेरान मार्गही १९०७ चा, म्हणजे जवळपास त्याच काळातील. तो आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पैशातून झाला, तर मॅलेगचा शासनाच्या हमीवर. पैसा उभारण्याची रीत निराळी. पण वारसा टिकविण्याची कसोटी दोन्हीकडे एकच आहे. मॅलेगला वाफेची गाडी हंगामापुरती येते. साधी डिझेल गाडी मात्र वर्षभर धावते. ग्रामस्थांची ये-जा आणि स्काय बेटाकडे जाणाऱ्या बोटीशी जोड ही कामे तिच्यामुळे होतात. पर्यटन हा त्या सेवेला मिळालेला जोड-आधार आहे, तिची जागा घेणारा पर्याय नव्हे. गावातील जुना पूल, घाट किंवा धर्मशाळा जतन करण्याचा विचार करताना प्रथम हे पाहावे की, ती वास्तू आजही कोणाच्या उपयोगाची आहे, तिच्या देखभालीचा वार्षिक खर्च कोण करणार आणि तेथे येणाऱ्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणावर राहणार. या तीन प्रश्नांची उत्तरे आधी ठरविली, तरच जतनाचा ठराव कागदावर न राहता प्रत्यक्षात उतरतो.