बटाट्याने उठवलं, बटाट्यानेच वसवलं

स्थलांतराचा पाठ शिकवताना मुलांना आयर्लंडची गोष्ट जरूर सांगा. १८४५ साली तिथे बटाट्यावर करपा रोग आला. दुष्काळात सुमारे १० लाख माणसं दगावली, निदान तेवढीच देश सोडून गेली. त्या काळातले काही आयरिश शेतकरी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाच्या किनाऱ्याजवळ, कोरॉइट गावी स्थिरावले. तिथल्या ज्वालामुखीच्या सुपीक मातीत त्यांनी पुन्हा बटाटाच लावला! जवळच्या पोर्ट फेरी बंदराचं नाव तर १८८७ पर्यंत चक्क बेलफास्ट होतं. 'कोरॉइट' हे नाव मात्र तिथल्या मूळ आदिवासींचं. म्हणजे गावाचा वारसा एकट्याचा नसतो. आपल्या वर्गात परगावचं मूल आलं, की त्याला विचारा, "बाळा, तुझ्या गावाहून काय काय आणलंस?" बोली, खाणं, गाणी... तोही पाठच आहे.