ती बाटली बिघडलेली नव्हती

प्रश्न : मुलाकडे ब्रसेल्सला गेलो असताना ग्यूझ नावाची बिअर प्यायलो. आंबटढाण, वर तबेल्यासारखा वास. बाटली खराब होती का?

उत्तर : नाही, तुम्हाला अस्सल ग्यूझच मिळाली. जवाचा माल्ट आणि गहू यांचा उकळलेला काढा थंडीच्या दिवसांत उथळ, उघड्या टाकीत रात्रभर निवत ठेवतात. विरजण कोणी लावत नाही. हवेतले यीस्ट आणि जिवाणूच ते काम करतात. मग लाकडी पिंपांत मुरते ती लॅम्बिक. एक, दोन आणि तीन वर्षांची लॅम्बिक मिसळून बाटलीत पुन्हा आंबवली की झाली ग्यूझ, शॅम्पेनसारखी फसफसणारी. १९०० साली सुरू झालेल्या कान्तियों ब्रुअरीत हे सगळं बघायला मिळतं. पुन्हा गेलात तर चुकवू नका.

आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा, म्हणजे आपल्या दह्याच्याच कुळातला. तबेल्याचा वास ब्रेटानोमायसीस या यीस्टचा. वाइनमध्ये हाच वास वाढला की बहुतेक जण त्याला दोष म्हणतात, इथे तोच हवाहवासा! मला ग्यूझमध्ये हिरवं सफरचंद, लिंबाची साल आणि ओलं गवत जाणवतं. फार गार पिऊ नका, वास दबतो. मात्र व्हिनेगरसारखा घसा जाळणारा आंबटपणा असेल, तर बाटली खुशाल परत करा.