दोन फायली, एक पिशवी

पोरी, काल फोनवर तू विचारलंस, "मावशी, ह्यांचं नेमकं दुखतंय काय, कंबर की मन?" हा हिशेब मी दहा वर्षं मांडत बसले होते. तू नको मांडूस. तुझे काका भोसरीत प्रेस शॉपला. सायटिकाची कळ आणि बायपोलर, दोन्ही त्यांच्याच वाट्याला आलं. कंबर दुखली की झोप जायची, झोप गेली की मन बिघडायचं आणि मन बिघडलं की तीच कंबर दुप्पट दुखायची. जावई दुखतंय म्हणाले की दुखतंय, एवढं धरून चाल. "एक्स-रेत तर काही आलं नाही," असं मी एकदा बोलून गेले. त्यानंतर कितीतरी महिने काकांनी मला दुखणं सांगितलंच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हाडांच्या डॉक्टरांची फाईल आपण टेबलावर ठेवतो आणि मनाच्या डॉक्टरांची साड्यांखाली लपवतो. मीही लपवली होती. काका लिथियमवर होते. एका मे महिन्यात कंबर धरली म्हणून मी मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची पट्टी आणली. काही दिवसांतच त्यांचे हात थरथरू लागले, घास सांडायला लागला, जीभ जड झाली, उलट्या सुरू झाल्या. शेजारची म्हणाली, बाहेरचं आहे, उतारा काढा. रक्त तपासलं तेव्हा कळलं, लिथियम अंगात साठलंय. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्यांनी मूत्रपिंडातून लिथियम बाहेर जाणं कमी होतं. त्यात उन्हाळ्याचा घाम, पाणी कमी. बीपीसाठी म्हणून मीठ एकदम तोडलं, तरी लिथियम वाढतं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, कारण हाडांच्या डॉक्टरांना मी लिथियमचं नावच सांगितलं नव्हतं. जावयांना लिथियम नसेलही, पण ट्रामाडॉलसारखी दुखण्यावरची गोळी डिप्रेशनच्या काही औषधांबरोबर धोक्याची ठरते. म्हणून दोन्ही फायली एका पिशवीत ठेव, आणि दोन्ही डॉक्टरांपुढे दोन्ही उघड. ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधं तर मनावरही चालतात आणि नसांच्या दुखण्यावरही. तेव्हा "कंबरेला वेड्याची गोळी का दिली?" असं सासूबाईंनी विचारलं तर घाबरू नकोस, समजावून सांग. गुण यायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून गोळी बंद करायची नाही, आणि बरं वाटलं म्हणूनही आपल्या मनाने बंद करायची नाही.

झोपेवर डोळा ठेव. काकांचं बिघडायचं ते आधी झोपेत दिसायचं, बोलण्यात नंतर. जावयांना चाकणला तिन्ही शिफ्ट फिरत्या, बसचा प्रवास वेगळा. थर्ड शिफ्ट नको, वजन उचलायचं काम नको, असं डॉक्टरांकडून लिहून घे आणि कंपनीत दे. तपासणी शक्यतो गुरुवारी ठेव. आपल्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारची आणि त्या दिवशी वायसीएम हॉस्पिटलची ओपीडी चालू असते, रजा मोडत नाही.

नोकरी सोडायची भाषा लगेच नको. पगारातून ईएसआय कापलं जात असेल, कंत्राटावर असले तरी, तर मोहननगरच्या हॉस्पिटलात विचार. अटी पुऱ्या होत असतील तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत साधारण 70 टक्के पगार मिळतो. ठरावीक लांबणाऱ्या आजारांना पुढेही मिळतो, आणि त्या यादीत सायकोसिसचं नाव आहे. सर्टिफिकेट मात्र वेळेत पोचवायचं. मेडिक्लेम असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपनीला मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरावा लागतो.

एक गोष्ट विचारायला जीभ रेटणार नाही, तरी विचार. "जीव नकोसा वाटतो का? मरायचे विचार येतात का?" असं सरळ विचार. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. "हो" म्हणाले तर ओरडू नकोस, रडू नकोस. गोळ्यांच्या पट्ट्या तुझ्याकडे घे, त्यांना एकटं सोडू नकोस आणि डॉक्टरांना लगेच कळव. रात्री-अपरात्री 14416 लाव. टेलिमानस आहे, फुकट, मराठीत बोलतात.

आणि तू? सांभाळणाऱ्यालाही आधार लागतो. कॅनडातल्या कॅलगरीला प्राध्यापक असलेल्या जगन्नाथ वाणींच्या बायकोला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, 2004 साली आलेल्या 'देवराई' सिनेमालाही हातभार लावला. या मंडळींत आजारी माणसाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. मला तो शब्द कळला तेव्हा मी पहिल्यांदा रडले. तोवर मी स्वतःला फक्त 'पेशंटची बायको' समजत होते. शुभंकरांच्या बैठकीला एकदा जा. तिथे "तुझं कसं चाललंय?" असं कुणीतरी तुला विचारतं.

येत्या गुरुवारी सकाळी मी येते. जावयांजवळ बसते, भाकरी-पिठलं करते. तू आळंदीला जाऊन ये, घाटावर नुसती बसलीस तरी चालेल. गोळ्यांच्या वेळा तेवढ्या फ्रिजवर लिहून ठेव.