कोलोस्टोमी आणि मधुमेह : दोन पथ्ये, एक ताट

मोठ्या आतड्याचा वा गुदाशयाचा कर्करोग, गंभीर दुखापत किंवा आतड्यातील अडथळा अशा कारणांमुळे शल्यचिकित्सक कधी कधी मोठ्या आतड्याचा भाग पोटाच्या पृष्ठभागावर आणून मलविसर्जनासाठी नवा मार्ग तयार करतात. या शस्त्रक्रियेस कोलोस्टोमी म्हणतात. पोटावरील त्या तोंडास स्टोमा असे नाव असून त्यावर बसवलेल्या पिशवीत मल जमा होतो. अन्नातील पोषक द्रव्यांचे शोषण मुख्यत्वे लहान आतड्यात होत असल्याने पुढे रुग्ण जवळजवळ सर्व काही खाऊ शकतो. प्रश्न उभा राहतो तो त्यास मधुमेहही असेल तेव्हा.

मधुमेही व्यक्तीस वर्षानुवर्षे सांगितलेले असते की कोंड्यासह पिठाची पोळी, कोशिंबिरी, मोड आलेली कडधान्ये भरपूर खावीत आणि पांढरा भात, साबुदाणा, केळे यांपासून जपून राहावे. शस्त्रक्रियेनंतरचे साधारण सहा ते आठ आठवडे मात्र चोथा कमी असलेला मऊ आहार दिला जातो. मल पातळ झाल्यास तर नेमके भात, साबुदाणा व केळेच सुचवले जाते. रुग्ण गोंधळतो आणि घरची मंडळी त्याहून अधिक.

यातून वाट निघते ती प्रमाणातून आणि जोडीच्या पदार्थांतून. मऊ भात घ्यावा, पण वाटीभर. सोबत मुगाचे घट्ट वरण, दही, अंडे, पनीर किंवा मासा असावा. प्रथिनांमुळे जखम भरण्यास मदत होते आणि भातासोबत ती घेतल्यास साखरही सावकाश चढते. (मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.) केळे अर्धेच खावे. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान आहार बरे. चेन्नईची इडली असो, कोलकात्याचा मासे-भात असो वा लखनौची मूगडाळीची खिचडी, नियम हाच.

आतडे स्थिरावल्यावर भाज्या, ज्वारीची भाकरी, सालीसह डाळी हळूहळू परत आणाव्यात. एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही थोडा आणि बारीक चावून. कोबी, फ्लॉवर, मुळा, कांदा, वाटाणा, चवळी यांनी अनेकांना वायू होतो. अंडी व मासे यांनी वास वाढतो, तर दही-ताकाने तो काहीसा कमी होतो. प्रत्येकाचे पोट निराळे असल्याने इतरांची यादी उसनी घेण्यापेक्षा आपली वही ठेवावी. वेळ, पदार्थ, प्रमाण, दोन तासांनंतरची साखर आणि पिशवीची स्थिती, एवढे रकाने पुरतात. बँकेतल्या माणसास हे वेगळे शिकवावे लागणार नाही! कोलोस्टोमीत पुढे बद्धकोष्ठाचा त्रासही होतो. तेव्हा चोथा आणि पुरेसे पाणी हेच औषध ठरते आणि दोन्ही पथ्ये जुळू लागतात.

खरा धोका वेगळाच आहे. प्रवासात, लग्नसमारंभात किंवा कार्यालयात पिशवी भरू नये म्हणून अनेक जण जेवणच टाळतात. वार्षिक हिशेबाच्या मार्चअखेरीस तर त्यासाठी निमित्तही शोधावे लागत नाही. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायक पातळीवर उतरते. शिवाय पोट रिकामे ठेवल्याने वायू कमी होत नाही, उलट वाढतो. घाम, थरथर, गोंधळ जाणवल्यास आणि साखर ७०च्या खाली असल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि नंतर काही खावे. रात्री पिशवी भरण्याची भीती असेल तर जेवण लवकर घ्यावे. मात्र औषधाची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

औषधांकडेही पाहिले पाहिजे. मेटफॉर्मिनने काहींना पातळ मल होतो. व्होग्लिबोजने वायू वाढतो. ‘शुगर-फ्री’ मिठाईतील सॉर्बिटॉलही तेच करते. दोष दरवेळी भाजीवर टाकू नये. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. साखर सतत चढी राहिली तर पिशवीच्या चकतीखालील त्वचेस बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. तिथे खाज वा लाली दिसल्यास साखरही तपासावी.

पातळ मल अधिक होऊ लागल्यास मधुमेही रुग्ण साखरेच्या भीतीने जलसंजीवनी नाकारतात. ते योग्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार केलेल्या एक लिटर द्रावणात ग्लुकोज १३.५ ग्रॅमच असते. तेवढ्याच शीतपेयात साखर सुमारे १०० ग्रॅम असते. द्रावण घ्यावे आणि साखर अधिक वेळा तपासावी. याउलट पिशवीत काहीच येत नसेल, पोटात कळा येत असतील आणि उलट्या होत असतील तर आतड्यात अडथळा असण्याचा संभव असतो. अशा वेळी रेचक घेऊ नये, इन्सुलिन मनाने थांबवू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे आणि तेथे पोहोचताच मधुमेह व कोलोस्टोमी या दोन्ही गोष्टी सांगाव्यात.