मांद्रिनेत आणि गणपतीची जास्वंद

मांद्रिनेत लावणं अवघड नाही. फांदी लावली की धरते. भरपूर ऊन आणि पाणी न साठणारी जमीन मिळाली की झुडूप झपाट्यानं भरतं. मग लालसर-गुलाबी फुलं दिसू लागली की फाटकाशी थांबून लोक विचारतात, "बी मिळेल का?" मी नाही म्हणतो. लोकांना तो कंजूषपणा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

मांद्रिनेत म्हणजे मॉरिशसची रानजास्वंद, शास्त्रीय नाव हिबिस्कस फ्रॅजिलिस. जगात ती फक्त या बेटावर आहे, आणि बेटावरही दोनच डोंगरांच्या उतारांवर: नैऋत्य टोकाचा ल मॉर्न आणि आमच्या क्वात्र बोर्नच्या डोक्यावरचा कोर द गार्द. रानात उरलेली झाडं पन्नासाच्या आत आहेत. बेटावर चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल दोन टक्केही राहिलेलं नाही. उरलेल्यातही चिनी पेरूनं अशी दाटी केली आहे की देशी रोपाला डोकं वर काढायला जागा मिळत नाही. त्या पेरूच्या बिया पसरवणाऱ्यांत आपला शिपाई बुलबुलही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला इथे आणलं, इथे त्याला कोंदे म्हणतात.

अशी वनस्पती घराघरांत लावली तर वाचेल, असं कुणालाही वाटेल. अडचण येते ती आपल्या अंगणातूनच. इथल्या मराठी घरांपुढे तांबडी जास्वंद असतेच. गणेश चतुर्थीला या देशात सार्वजनिक सुट्टी असते आणि गणपतीला तांबडं फूल घरचंच हवं असतं. ही बागेतली जास्वंद आणि मांद्रिनेत जवळच्या नात्यातल्या, त्यामुळे दोघींचा संकर सहज होतो. मधमाशीला जात-कूळ कळत नाही. मांद्रिनेतच्या फुलावर जास्वंदीचा पराग पडला की बोंड धरतं, बी रुजतं, रोप जोमानं वाढतं, पण ते मांद्रिनेतचं नसतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. रस्त्याकडेच्या एका रोपविक्रेत्याकडून मांद्रिनेत म्हणून काही रोपं आली होती. फुलली तेव्हा एकीचं फूल रुंद पाकळ्यांचं, दुसरीचं फिकट, तिसरीचं जवळपास कुंपणाच्या जास्वंदीसारखं. विचारपूस केल्यावर कळलं की बी कुणाच्या तरी बागेतल्या झाडाचं होतं आणि त्या झाडाला लागूनच जास्वंदीची रांग होती. माणूस लबाड नव्हता. आई मांद्रिनेत, म्हणून लेकरं मांद्रिनेत, एवढाच त्याचा हिशेब. त्याच सुमारास आमच्या ओळखीतली काही तरुण मंडळी अशीच रोपं कोर द गार्दवर नेऊन लावायला निघाली होती. वृक्षारोपण, फोटो, नारळ, सगळी तयारी झाली होती. त्यांना थांबवताना वाईट वाटलं, पण मोजक्याच अस्सल झाडांच्या शेजारी संकरित रोपं नेऊन लावणं म्हणजे पुढच्या पिढीत अस्सल बी धरण्याची आशा आणखी कमी करणं. शिवाय कुंडीतल्या मातीबरोबर मुंग्या, गोगलगायींची अंडी आणि तणाचं बी डोंगरावर जातं ते वेगळंच.

म्हणून पहिली गोष्ट: पानाफुलावरून पारख करू नका. पहिल्या पिढीचा संकर ओळखू येईलही, पण तो पुन्हा मांद्रिनेतशी जुळला की जाणकारही चकतो. रोप कुठून आलं, मूळ झाड कोणत्या डोंगरावरचं, फांदीचं की बियांचं, हे सांगता येत असेल तरच घ्या. वनखात्याची देशी रोपवाटिका किंवा मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनसारख्या संस्था, विचारायचं तर तिथे. डोंगरावरून स्वतः फांदी तोडून आणण्याचा विचारही नको. कायद्याची मनाई आहेच, पण पन्नासाच्या आत उरलेल्यांतलं एक झाड कड्यावर लटकून ओरबाडायला कायदा तरी कशाला आठवायला हवा!

घरी आणल्यावर काम आहे ते कात्रीचं. माझ्याकडे जास्वंदही आहे, ती काही मी काढलेली नाही. घरच्यांनी काढूही दिली नसती. पण मांद्रिनेतचं फूल सुकलं की देठासकट खुडतो, बोंड धरू देत नाही. हे कंटाळवाणं आहे आणि फुलांच्या भरात रोज करावं लागतं. उलट बाजूही आहेच, मांद्रिनेतचा पराग जास्वंदीवर जातो, म्हणून तिचीही बोंडं ठेवत नाही. झाडाखाली आपोआप उगवलेलं रोप दिसलं तर उपटतो. त्याची दया येते, पण डोंगर इतक्या जवळ असताना ती परवडत नाही.

बी हवंच असेल तर कळी उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी तिच्यातले परागकोश चिमट्यानं काढायचे, वर मलमलीची पिशवी बांधायची आणि सकाळी दुसऱ्या, नोंद असलेल्या झाडाचा पराग ब्रशनं लावून पिशवी पुन्हा बांधायची. दुसरं झाड खरोखर दुसरं हवं. एकाच झाडाच्या दहा फांद्यांपासून दहा रोपं केली तरी ती एकच व्यक्ती असते. आमच्याच देशातल्या रॉड्रिग्ज बेटावर १९८० च्या सुमारास रानकॉफीचं, म्हणजे काफे मारोंचं, एकच झुडूप सापडलं. १९८६ मध्ये त्याच्या फांद्या लंडनच्या क्यू उद्यानात गेल्या, तिथे रुजल्या, फुलल्या, पण बी धरायला २००३ उजाडलं.

त्या झुडपाची दुसरी हकिकतही लक्षात ठेवण्यासारखी आहे. बातमी फुटताच लोक औषधासाठी त्याची पानं-फांद्या नेऊ लागले, कुंपणामागून कुंपण घालावं लागलं. तेव्हा आपल्या झाडाचा पत्ता फेसबुकवर टाकू नका. फांदी जरूर द्या, तीही नोंदीसकट: मूळ डोंगर, कुणाकडून आली, केव्हा लावली. वादळात फांद्या मोडतात, त्या फेकण्याआधी निरोगी तुकडे कुंडीत लावून ठेवा. चक्रीवादळाच्या मोसमानंतर वाटायला रोपं तयार असतात.

नोंदीची वही घरात सगळ्यांना ठाऊक असू द्या. क्वात्र बोर्नमध्ये जुनी घरं पाडून इमारती उठत आहेत आणि नव्या मालकाला अंगणातलं झुडूप म्हणजे मोटारीची जागा दिसते. घर विकायची वेळ आली तर ज्यांच्याकडून रोप घेतलं त्यांना आधी कळवा, दलालाला नंतर.